‘वय झालं’ हे निदान नव्हे!

आरोग्यसेवेतील वयभेद ओळखायचा कसा आणि टाळायचा कसा?

प्रतिनिधी, पांढरकवडा (जि. यवतमाळ)

म्हातारपणी गुडघे दुखायचेच, विसरायला व्हायचेच, भूक मंदावायचीच, असे आपण सहज म्हणून जातो. त्यामागे बहुधा वाईट हेतू नसतो. धीर देण्याचीच भावना असते. मात्र, हेच वाक्य दवाखान्यातील टेबलापलीकडून उच्चारले गेले की पुढची तपासणी तेथेच थांबते. आजार कोणता याचा शोध न घेता केवळ वयाकडे बोट दाखवून रुग्णाला घरी पाठविणे, याला आरोग्यसेवेतील वयभेद म्हणतात. जात, धर्म किंवा लिंग यांवरून होणारा भेदभाव आता निदान ओळखू तरी येतो. वयावरून होणारा भेदभाव काळजीच्या आणि आपलेपणाच्या भाषेत वावरत असल्याने तो करणाऱ्यालाही जाणवत नाही आणि सोसणाऱ्यालाही.

संकल्पना कोठून आली?

इंग्रजीतील ‘एजिझम’ हा शब्द अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ साली प्रथम वापरला. वंशभेद आणि लिंगभेद यांच्या पंक्तीतलाच हा भेद आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये या विषयावरील पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील दर दोन व्यक्तींपैकी एकीच्या मनात वृद्धांविषयी पूर्वग्रह असतो, असे त्यात नमूद आहे. त्याच अहवालात उल्लेखिलेल्या १४९ अभ्यासांच्या आढाव्यात ८५ टक्के अभ्यासांमध्ये, कोणते उपचार कोणाला द्यायचे हे रुग्णाच्या वयावरून ठरल्याचे आढळले होते.

हा पूर्वग्रह केवळ इतरांच्या मनात असतो असेही नाही. अमेरिकेतील ओहायो राज्यात ६६० व्यक्तींच्या नोंदी तब्बल २३ वर्षे पाहून केलेला बेका लेव्ही यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वार्धक्याकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे लोक तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे त्यात दिसून आले. ‘आता आपले काय राहिले आहे’ ही भावना मनात घर करून बसली की माणूस औषध वेळेवर घेत नाही, फिरणे सोडतो आणि दुखणे अंगावर काढतो.

केळापुरातून दिसणारे चित्र

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय पांढरकवडा येथे आहे. नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्गामुळे हा भाग मोठ्या शहरांशी जोडला गेला आहे. पांढरकवड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यापुढचे उपचार हवे असल्यास सुमारे ७० किलोमीटरवरील यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते. तरुण रुग्णाच्या बाबतीत हे अंतर कापायचे की नाही, असा प्रश्न घरात उपस्थित होत नाही. पंच्याहत्तरीच्या आजीच्या बाबतीत मात्र तो हमखास होतो. गाडीभाडे, सोबत जाणाऱ्याची बुडणारी मजुरी, दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापसाची वेचणी हे सारे तराजूच्या एका पारड्यात पडते आणि दुसऱ्या पारड्यात केवळ तिचे वय. अशा वेळी वयभेदाचा निर्णय डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधीच ओसरीवर होऊन जातो.

या तालुक्यात गोंड आणि कोलाम समाजाची मोठी वस्ती आहे. कोलामांच्या वस्त्यांना येथे ‘पोड’ म्हणतात. पोडावरील जुन्या पिढीला गोंडी किंवा कोलामी जितकी जवळची, तितकी मराठी असतेच असे नाही. त्यामुळे दुखणे एकाचे आणि ते सांगणारा नातू दुसराच, असे घडते. दुखते नेमके कोठे, कधीपासून आणि किती, हा तपशील भाषांतरातच गळून पडतो. हाती उरते ते ‘बुढीचं अंग दुखते’ एवढेच. वऱ्हाडी बोलीत ‘बुढा’, ‘बुढी’ हे शब्द मायेनेही उच्चारले जातात. दोष त्या शब्दात नाही. त्या शब्दावरच विचारपूस संपते, हे घातक आहे.

शहरी वाचकांनी हा प्रश्न दुर्गम भागाचा म्हणून बाजूला ठेवू नये. पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या अनेकांचे आई-वडील अशाच तालुक्यांत राहतात. फोनवर ‘काही नाही रे, वयच झालंय’ असे ऐकून निश्चिंत होणारी मुलेही या साखळीचा भाग असतात.

वयभेद कसा ओळखावा?

पुढीलपैकी एखादी गोष्ट वारंवार घडत असेल, तर ती वयभेदाची खूण समजावी.

* डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाशी न बोलता सोबत आलेल्या मुलाशी किंवा सुनेशीच बोलतात. रुग्ण समोर बसलेला असताना त्याच्याविषयी ‘यांना’, ‘ह्यांचं’ अशी चर्चा होते.
* हात न लावता, रक्तदाब न मोजता किंवा साधी रक्ततपासणीही न सांगता ‘हे वयामुळे आहे’ असे सांगितले जाते.
* तरुण रुग्णाला जो उपचार सुचविला गेला असता, तो वृद्धाला सुचविलाच जात नाही. तो न सुचविण्याचे कारणही सांगितले जात नाही.
* लहान मुलाशी बोलावे तशा लाडिक किंवा दटावणीच्या सुरात वृद्धाशी बोलले जाते.
* गंभीर निदान रुग्णापासून लपवून केवळ नातेवाइकांना सांगितले जाते; शस्त्रक्रियेची संमतीही त्यांच्याकडूनच घेतली जाते.
* झोप, उदासी, लघवीवरील ताबा, लैंगिक आरोग्य किंवा व्यसन यांविषयी वृद्धांना काही विचारलेच जात नाही.

हा भेद आकडेवारीतही डोकावतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांच्या मुलाखती १५ ते ४९ या वयोगटापुरत्या घेतल्या गेल्या. माता आणि बालके हा या सर्वेक्षणाचा मुख्य विषय असल्याने ते समजण्यासारखे आहे. तथापि, त्यामुळे पन्नाशीपुढील स्त्रीचा रक्तक्षय या मोजणीत कोठेच दिसत नाही. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ७२ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, तेव्हा कुठे ही उणीव काही अंशी भरून निघाली. ‘लासी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या दर चौघांपैकी तिघांना कोणता ना कोणता दीर्घकालीन आजार असल्याचे त्यातून समोर आले.

वयाआड दडणारे आजार

उतारवयात अनेक आजार पाठ्यपुस्तकातील लक्षणे घेऊन येत नाहीत. हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. केवळ दम लागणे, गळून जाणे किंवा घाम येणे एवढेच दिसते. न्यूमोनियात ताप चढेलच असे नाही. म्हणूनच ‘दोन दिवसांपासून जेवत नाहीत’ ही तक्रार वृद्धाच्या बाबतीत गांभीर्याने घेतली पाहिजे.

सर्वांत मोठी गफलत होते ती विस्मरणाबाबत. माणूस काही महिन्यांत किंवा वर्षांत हळूहळू विसरत जाणे आणि कालपर्यंत व्यवस्थित असलेला माणूस आज अचानक बरळू लागणे, या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या अवस्थेला डॉक्टर ‘डिलिरियम’ म्हणतात. लघवीतील जंतुसंसर्ग, रक्तातील सोडिअम कमी होणे, शरीरातील पाणी घटणे, एखादे नवे औषध अशी कारणे त्यामागे असतात. ती वेळीच सापडली तर माणूस बहुधा पूर्ववत होऊ शकतो. ‘म्हातारचळ लागला’ म्हणून घरीच ठेवले तर जिवावर बेतू शकते. हळूहळू येणाऱ्या विस्मरणातही ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य ही तिन्ही कारणे तपासून पाहावी लागतात, कारण त्यांवर उपचार आहेत. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही कमी नाही. ‘लासी’च्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. हा आजार बरा होत नसला तरी निदानामुळे कुटुंबाला तयारी करता येते आणि रुग्णाची हेळसांड टळते.

दुसरी गोष्ट पडण्याची. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला ‘आता या वयात ऑपरेशन कुठे सोसणार’ म्हणून खाटेवर ठेवले जाते. अंथरुणाला खिळल्याने पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि मृत्यू ओढवतो तो या गुंतागुंतींमुळे. प्रकृती शस्त्रक्रियेला योग्य असल्यास ती शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी, असे अस्थिरोगशास्त्र सांगते. म्हणजेच अशा रुग्णाच्या बाबतीत वाट पाहणे हाच अनेकदा अधिक मोठा धोका असतो. माणूस पडला का, हा प्रश्नही विचारायला हवा. उठून उभे राहताच रक्तदाब घसरणे, दृष्टी अधू असणे, झोपेची गोळी यांपैकी एखादे कारण सापडले तर पुढचे पडणे टळते.

ग्रामीण स्त्रियांचे एक दुखणे तर उघडपणे बोललेच जात नाही. अनेक बाळंतपणे आणि आयुष्यभराचे ओझे वाहणे यांमुळे उतारवयात ‘अंग बाहेर येते’. लाजेपोटी आणि ‘आता कोणाला सांगायचे’ या विचाराने अनेक जणी वर्षानुवर्षे ते सोसतात. साधी रिंग बसवून किंवा शस्त्रक्रियेने त्यावर इलाज होतो. मोतीबिंदूच्या बाबतीतही तो ‘पिकेपर्यंत’ थांबण्याचा जुना सल्ला आता कालबाह्य झाला आहे. ऐकू कमी येणे हेही वयाचे लक्षण म्हणून सोडून देऊ नये. काही वेळा कानातील मळ काढण्यानेच काम भागते. इतरांना श्रवणयंत्र उपयोगी पडते. ऐकू न येणारा माणूस बोलणे टाळतो, एकटा पडतो, आणि मग त्याला ‘भ्रमिष्ट’ ठरविणे सोपे जाते.

नाण्याची दुसरी बाजू

उपचार नाकारणे हा वयभेदाचा एक प्रकार झाला. विचार न करता उपचारांचा मारा करणे हा दुसरा. प्रत्येक तक्रारीला एक गोळी, या हिशेबाने आठ-दहा औषधे सुरू असलेले वृद्ध घरोघरी आढळतात. वयानुसार मूत्रपिंडांची क्षमता घटते. त्यामुळे तरुणाला लागू पडणारी मात्रा वृद्धाला जास्त होऊ शकते. वृद्धांनी कोणती औषधे शक्यतो टाळावीत, याची यादी मार्क बिअर्स या अमेरिकी डॉक्टरांनी १९९१ मध्ये तयार केली. आजही ती वेळोवेळी सुधारून वापरली जाते.

वयाचा विचार करूच नये, असा याचा अर्थ नाही. वयोवृद्ध रुग्णाला भूल देताना धोका वाढतो, हे खरेच आहे. एखादी मोठी शस्त्रक्रिया न करणे हाच काही वेळा योग्य सल्ला असतो. मात्र तो सल्ला रुग्णाचे हृदय, फुप्फुसे, स्मरणशक्ती, चालणे-फिरणे आणि त्याची स्वतःची इच्छा पाहून दिला गेला पाहिजे. रोज शेतात जाणारा ऐंशी वर्षांचा शेतकरी आणि मधुमेहाने जर्जर झालेला साठीतील माणूस यांच्यात प्रकृतीने तरुण कोण, हे जन्मतारीख सांगू शकत नाही. कोविडच्या साथीत ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने मार्च २०२० मध्ये अतिदक्षता विभागातील प्रवेशासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा त्यांतही केवळ वयाऐवजी रुग्णाच्या क्षीणतेची श्रेणी पाहण्यास सांगितले होते.

उच्च न्यायालयापुढील दोन प्रकरणे

कोविडच्या काळात हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयातही पोहोचला. टाळेबंदीनंतर चित्रीकरणास परवानगी देताना राज्य सरकारने ६५ वर्षांवरील व्यक्तींना चित्रीकरणस्थळी येण्यास मनाई केली होती. कारण आरोग्याचेच होते. सत्तरीतील एका कलाकाराने त्यास आव्हान दिले. ही अट भेदभाव करणारी असल्याचा निर्वाळा देऊन न्यायालयाने ७ ऑगस्ट २०२० रोजी ती रद्दबातल ठरविली. संरक्षणाच्या नावाखाली सरसकट वयाची रेघ ओढता येत नाही, हा त्याचा मथितार्थ.

दुसरे प्रकरण लसीकरणाचे. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना लस देण्यास प्रारंभ झाला. कागदावर वृद्ध रांगेत सर्वांत पुढे होते. परंतु अंथरुणाला खिळलेल्यांनी लसीकरण केंद्र गाठायचे कसे, याचे उत्तर नव्हते. ७५ वर्षांवरील व्यक्ती, अपंग आणि अंथरुणावरील रुग्णांना घरी जाऊन लस द्यावी, अशी जनहित याचिका दाखल झाली. घरोघरी लसीकरण शक्य नसल्याची भूमिका केंद्राने प्रारंभी घेतली होती. न्यायालयाने हा विषय सातत्याने लावून धरल्यानंतर जुलै २०२१ च्या अखेरीस मुंबईत अंथरुणावरील रुग्णांचे घरी जाऊन लसीकरण सुरू झाले. सप्टेंबरमध्ये केंद्रानेही तशी मुभा दिली. सेवा ‘उपलब्ध’ असणे आणि ती वृद्धापर्यंत ‘पोहोचणे’ यांतील अंतर या प्रकरणाने दाखवून दिले. केळापूरच्या पोडांवर हे अंतर एरवीही रोजचेच असते.

कायदा आणि योजना काय देतात?

माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ हा कायदा बहुतेकांना पोटगीपुरता ठाऊक असतो. त्याचे २० वे कलम मात्र आरोग्याविषयी आहे. सरकारी व सरकारी अनुदानित रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्य तोवर खाटा द्याव्यात, त्यांच्यासाठी वेगळी रांग असावी आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात वृद्धोपचाराचा अनुभव असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र सुविधा असावी, असे त्यात म्हटले आहे. कायद्यानुसार साठ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते.

२०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांसाठी तपासणी आणि अंथरुणावरील रुग्णांना घरभेटी यांची तरतूद आहे. आपल्या भागातील आरोग्य केंद्रात हा दिवस कोणता, याची विचारणा अवश्य करावी.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढील सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. यासाठी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड ग्राह्य धरले जाते. खेड्यांतील अनेक वृद्धांच्या जन्माची नोंदच नसल्याने आधारवरील वय अंदाजाने लिहिलेले असते. त्यामुळे प्रत्यक्षात पात्र असलेली व्यक्ती कागदोपत्री अपात्र ठरू शकते. अशांनी नोंद वेळीच दुरुस्त करून घ्यावी. ही योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. चष्मा, श्रवणयंत्र, काठी यांसारख्या साधनांसाठी ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून तीन हजार रुपये देण्याची तरतूद २०२४ मध्ये करण्यात आली.

खासगी आरोग्य विम्यातही बदल झाला आहे. नवी पॉलिसी घेण्यासाठीची ६५ वर्षांची मर्यादा विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून काढून टाकली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा, असे जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावण्यात आले.

टाळावा कसा?

ज्येष्ठांनी स्वतः डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी तीन मुख्य तक्रारी आणि त्या कधी सुरू झाल्या, हे लिहून न्यावे किंवा लिहून घ्यावे. सुरू असलेली सर्व औषधे, मग ती आयुर्वेदिक असोत वा औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेली, एका पिशवीत घालून दाखवावीत. ‘हे वयामुळे आहे’ असे उत्तर मिळाल्यास नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत: ‘हे कशावरून ठरविले?’ आणि ‘माझ्या जागी चाळिशीचा माणूस असता तर आपण काय केले असते?’ समाधान न झाल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे.

कुटुंबीयांनी सोबत जावे, पण उत्तरे स्वतः देऊ नयेत. रुग्णाला आधी बोलू द्यावे. तपासणीच्या वेळी काही मिनिटे त्याला डॉक्टरांशी एकांत मिळू द्यावा. उपचाराचा निर्णय घेताना ‘तुम्हाला काय वाटते?’ हा प्रश्न प्रथम आई-वडिलांना विचारावा. दूर राहणाऱ्या मुलांनी फोनवर ‘बरं आहे ना?’ एवढेच न विचारता भूक, झोप, चालणे, पडणे आणि औषधे यांची वेगवेगळी चौकशी करावी.

डॉक्टर व परिचारिकांनी रुग्णाकडे पाहून, सावकाश आणि स्पष्ट बोलावे. गोंडी-कोलामी बोलणाऱ्या भागात आशा कार्यकर्तीची दुभाषी म्हणून मदत घेता येते. केसपेपरवर ‘वयोमानामुळे’ असे लिहिण्यापूर्वी कोणती कारणे तपासून वगळली, याची नोंद करण्याची सवय लावली तरी निम्मे काम होईल. वृद्धोपचार हे वैद्यकातील स्वतंत्र शास्त्र आहे. भारतात मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये त्याचा विभाग १९७८ मध्ये सुरू झाला आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९६ मध्ये. तथापि, तालुका पातळीवर वृद्धांना पाहणारे डॉक्टर सर्वसाधारण वैद्यकाचेच असतात. म्हणूनच या शास्त्राची तोंडओळख त्यांच्यापर्यंत पोहोचणे अधिक महत्त्वाचे आहे.

चौकट : घरच्या घरी तपासा

जागतिक आरोग्य संघटनेने ज्येष्ठांच्या प्राथमिक तपासणीसाठी सुचविलेल्या काही सोप्या बाबी:

* हातांचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठणे-बसणे १४ सेकंदांत जमते का?
* गेल्या तीन महिन्यांत प्रयत्न न करता वजन तीन किलोहून अधिक घटले आहे का? भूक मंदावली आहे का?
* सांगितलेले तीन शब्द थोड्या वेळाने आठवतात का? आजचा दिवस, तारीख सांगता येते का?
* कुजबुजलेले शब्द ऐकू येतात का?
* दूरचे पाहण्यास किंवा वाचण्यास त्रास होतो का?
* गेल्या दोन आठवड्यांत सतत उदास वाटते का? आवडीच्या गोष्टींतील रस कमी झाला आहे का?

यांपैकी कोठेही अडचण आढळल्यास ती वयाच्या खात्यावर न टाकता डॉक्टरांना दाखवावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी : १४५६७.

भारतात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढील नागरिकांची संख्या दहा कोटींवर होती. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे दर दहा माणसांमागे एक असे होते, आणि ते वाढतच आहे. आज जो डॉक्टर, जी सून किंवा जो पत्रकार ‘वय झालं’ असे म्हणतो, तोही त्याच वाटेवर आहे. जखमी गुडघ्याच्या तरुणाला आपण ‘चालायचंच’ म्हणत नाही. हाड पाहतो, कारण शोधतो, इलाज करतो. सत्तरीतल्या गुडघ्यालाही तेवढीच चौकशी मिळावी, इतकीच ही मागणी आहे.